पावसापाण्याचा स्पीकर

सानगडीला लेकीकडे गेलो होतो. सकाळी बाजारात वांगी निवडत असताना फोन वाजला, वर दिवाकरचं नाव. मी नेहमीसारखा सुरू झालो, "बोल बे, आज काय बिघडलं तुझ्या डब्याचं?" पलीकडून एक घोगरा आवाज आला. "मी नामदेव बोलून राहिलो जी, दिघोरीवाला. दिवाकर गेला." नामदेवभाऊ म्हणजे त्याचे थोरले भाऊ. पहाटे छातीत कळ आली, नागपूरला नेता नेता वाटेतच सगळं आटोपलं, एवढंच ते सांगू शकले. भाजीवाली विचारत होती, किती तोलू?  गेलेल्या माणसाच्या नावावर आपण "बोल बे" म्हणालो, हे मला अजून पचत नाही.

त्याला आता दोनेक महिने होत आले. "दिवाकरवर तू लिही, तूच त्याच्या जवळचा," असं ऑफिसातले जुने सोबती म्हणाले. दिवाकरवर लिहायचं म्हणजे काय लिहायचं? साधा कारकून माणूस, वेळेवर यायचा, वेळेवर जायचा, निवृत्त झाला तेव्हा शाल-श्रीफळ घेऊन निमूट घरी गेला. पण लिहायला बसलो की त्याच्याऐवजी मंदावहिनी डोळ्यांपुढे येते, त्याची बायको. कारध्याच्या त्या घरात ती आता एकटी राहते. मुलगी पुण्याला. दिवसभर टीव्ही हीच काय ती सोबत, आणि दिवाकर गेल्यापासून तो टीव्हीच तिच्याशी बोलेनासा झाला. ते कसं झालं तेच सांगतो, त्यात दिवाकर आपोआप येईल.

गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा आमच्या ऑफिसातली कपाटं वाटली गेली, पंखे वाटले गेले आणि माणसंही वाटली गेली. त्या वाटणीत दिवाकर माझ्या टेबलासमोर येऊन बसला. बोलायचा कमी. जेवणाच्या सुट्टीत मी रेडिओ, टेप, स्पीकर असलं काही काढलं की मात्र त्याचे डोळे चमकायचे. पुढं काही वर्षांनी नागपूरच्या एका दुकानातून आम्ही दोघांनी एकाच दिवशी एकसारखे होम थिएटरचे रिसीव्हर घेतले. काळा, चपटा, तांदळाच्या अर्ध्या पोत्याएवढा जड डबा. पाच स्पीकर आणि एक धडधडणारं खोकं त्याला जोडायचं, की घराचं टॉकीज. दुसऱ्या दिवशी ऑफिसात दिवाकर म्हणाला, "साहेब, रिसीव्हर घेतला." साहेब म्हणाले, "का, फोनचा जुना तुटला का?" तेव्हापासून आम्ही त्याला रिसीव्हर म्हणणं सोडलं. मंदावहिनी पहिल्या दिवसापासून त्याला "डबं" म्हणायची, आम्हीही तेच म्हणू लागलो.

या यंत्राचे मालक झालात तर एक कळेल, ते तुमचं नसतं, तुम्ही त्याचे असता. चालू केलं की आत 'टिक्' वाजायचं आणि तो 'टिक्' झाला नाही की आमचा जीव वर. उन्हाळ्यात वरची जाळी अशी तापायची की पापड भाजून निघावा. थंडीत माझ्या घरची मांजर नेमकी त्यावरच झोपायची, तिचे केस आत जाऊन शेवटी माझ्या डब्यानं राम म्हटला. नागपूरच्या कारागिरानं उघडून बघितलं आणि म्हणाला, "काकाजी, इसका सामान अब कहाँ मिलेगा?" मी सुस्कारा टाकला आणि टीव्हीखाली ठेवायची ती सपक लांब स्पीकरपट्टी घेऊन आलो. दिवाकरनं मात्र आपला डबा सोडला नाही. भारनियमनाच्या दिवसांत तो त्याला फडक्यानं वारा घालायचा, खोटं नाही सांगत. एकदा वैनगंगेचं पाणी चढत चढत त्याच्या गल्लीत आलं, तर हा माणूस डबा डोक्यावर घेऊन निघाला आणि मागून वहिनी, एका हातात चपला आणि एका हातात तांदळाची थैली. "बाप्पा, बायको बुडाली तं चालते, डबं नाही बुडालं पायजे!" असं ती पुढं वर्षभर येईल-जाईल त्याला सांगायची. दिवाकर नुसता हसायचा.

वहिनीच्या कानाचं त्याच सुमारास सुरू झालं होतं. डाव्या बाजूनं हाक मारली तर ओ देत नसे. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासलं, कान कमजोर होत चालले, डावा जास्त, यंत्र लावा म्हणाले. दिवाकरनं यंत्र आणलंही. वहिनीनं ते एकदा लावलं, आरशात बघितलं आणि कपाटात फेकलं. "मी काय बुढी झाली?" चाळिशीतली बाई, देखणी, तोंडाची तिखट. बहिरी म्हणवून घेण्यापेक्षा तिला काहीही चाललं असतं. मग वर्ष-दीड वर्षात म्हणायला लागली, कान आपोआप बरा झाला. आम्हालाही पटलं, कारण तोंडासमोर बोललं की ती बरोबर उत्तर द्यायची, आणि मालिकेत सासू सुनेला काय बोलली, ते ती दुसऱ्या दिवशी शब्दन्‌शब्द सांगायची, माझ्या बायकोनं सोडलेलंसुद्धा.

त्या घरचा आवाज मात्र मला कधीच मानवला नाही. दिवाकरचा मागचा एक स्पीकर वर, छताजवळ, जिथं असावा तिथं. दुसरा खिडकीच्या चौकटीला, पार खाली, वहिनीच्या लाकडी खुर्चीला खेटून. आणि त्यातून ढणाढणा संवाद! अहो, मागचे स्पीकर पावसापाण्याचे असतात. पाऊस पडला, वारा सुटला, कुणी दारामागून चाललं, एवढंच त्यांनी सांगायचं. बोलायचं ते समोरच्यांनी. मी त्याला किती वेळा म्हटलं असेल, "अबे, हिरो तिकडं टीव्हीत अन् त्याचा आवाज खिडकीतून! तुले जमत नसन तं मले सांग, मी लावून देतो."

"राहू दे," तो म्हणायचा. "आमाले असाच आवडते."

"तुह्या आवडीले काय म्हणावं!"

"काही नको म्हणू. चहा पी."

बस, एवढंच. इतकी वर्षं मी बोललो आणि त्यानं चहा पाजला.

तो गेला त्या दिवशी सानगडीहून धावत-पळत आलो, तोवर नदीकाठची तयारी झालेली होती. रात्र पडायच्या आत सगळं उरकून घरी परतलो. जिथं त्याला ठेवलं होतं तिथं पिठावर दिवा लावलेला. बायका भिंतीला टेकून बसलेल्या. नामदेवभाऊंचं लक्ष समोर गेलं. डब्यावरचा बारीक लाल दिवा जळत होता, तो तर चोवीस तास जळायचा. ते उठले. "तेरवीपर्यंत घरात एकच दिवा पायजे," म्हणाले. "हा लाल दिवा कायचा?" आणि त्यांनी भिंतीतली पिन ओढून काढली. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. सुतकात गाणं-बजावणं नको, ही आपली रीतच आहे. तेरवी झाली, मुलगी पुढं बरेच दिवस राहिली, पण टीव्हीला हात लावायचं कुणाच्या मनात आलं नाही. जाताना तिनं आईसाठी पिन परत लावून दिली, बघ आता, म्हणाली.

मागच्या आठवड्यात मी वैनगंगेवरचा पूल ओलांडून कारध्याला गेलो. वहिनी तिच्या खुर्चीत. टीव्ही चालू, आवाज दणदणीत. मी दारातच थबकलो. संवाद समोरून, अगदी चित्रातल्या तोंडातून येत होता. मागं नुसती वाऱ्याची झुळूक. त्या घरात पहिल्यांदाच सगळं बरोबर वाजत होतं... आणि वहिनी मान खाली घालून पदराचं टोक पिळत बसली होती.

मी समोर गेलो तेव्हा तिला कळलं मी आलो ते. "बसा भाऊजी," म्हणाली. मग टीव्हीकडे हात केला. "गोंगाट येते जी, बोलणं नाही येऊन राहिलं. हे गेले अन् माहा कानही घेऊन गेले." आणि रडायला लागली. दिवाकरच्या सुतकातही मी तिला इतकी रडलेली बघितली नव्हती. "माणूस नाही तं नाही, पण घरात कोणाचं तरी बोलणं तं कानावर पडाले पायजे ना. मी आता दिवसभर काय भिताडाशी बोलू?"

मी उठून खिडकीजवळच्या स्पीकरला हात लावला. गार. कान टेकवला, तर आत कुठंतरी बारीक खसखस. डब्यापाशी गेलो, त्याच्या समोरच्या काचेवरचे आकडे वाचले. सगळे शून्यावर, दुकानातून आणला त्या दिवशी होते तसे.  या जुन्या डब्यांना आपण जे काही शिकवतो, ते सगळं विजेच्या भरवशावर असतं. पिन काढली तर थोडे दिवस धरून ठेवतात, मग विसरतात. कोणत्या स्पीकरनं किती बोलायचं, कुणी गप्प राहायचं, दिवाकरनं इतक्या वर्षांत घडवलेलं सगळं त्या दिव्यासाठी पुसलं गेलं होतं. आणि पुसलं गेलं तेव्हा मला कळलं की तो खिडकीतला स्पीकर वेड्यासारखा का बोलत होता. तो वहिनीच्या उजव्या कानाशी होता.

आधी वाटलं, गुपचूप लावून द्यावं. तोही तेच करत आला ना? पाचही स्पीकरांनी तेच बोलावं असं एक बटण असतं, ते दाबलं. मग तपासणीचं बटण. त्यानं एकेका स्पीकरातून पाळीपाळीनं 'श्श्श' असा आवाज निघतो. "वहिनी, आवाज आला की सांगा," मी मोठ्यानं म्हटलं.

समोरच्यांचा आला तेव्हा म्हणाली, "दूर कुठं तरी हाये." मग तो डाव्या हाताच्या, छताजवळच्या स्पीकरात गेला. माझे कान किटत होते. वहिनी शांतपणे माझ्याकडे बघत होती.

"बंद केला का जी?"

 आवाज खिडकीत आला. मी वाढवला, अजून वाढवला, वाढवत गेलो, आकडे संपले. तेव्हा कुठं तिनं मान वळवली. "हां, आता आला... थोडासा." पुढं आकडाच नव्हता. म्हणजे दिवाकरसुद्धा शेवटाशी येऊन ठेपला होता. अजून थोड्या दिवसांनी त्यालाही तिला सांगावंच लागलं असतं, आणि कसं सांगायचं या काळजीत तो माणूस माझ्यासोबत चहा पीत बसत असेल.

वहिनी माझ्या हातातल्या रिमोटकडे बघत होती. "हे बी असंच करत," ती हळूच म्हणाली. "सणवार झाला की एखाद्या दुपारी हे श्श्श लावून बसत. 'मंदे, आला का? आता आला का?' मी भाजी निवडत म्हणत होती, आला, आला. मले वाटे डब्याची दुरुस्ती करून राहिले."  मग माझ्या तोंडाकडे बघून तिनं विचारलं, "भाऊजी, माहा कान बरा झालाच नव्हता का?"

 खोटं बोलायला मी दिवाकर नव्हे, तेवढी माया माझ्या अंगात नाही. मी मानेनंच नाही म्हटलं.

"अन् तुमाले माहीत होतं?"

"नाही वहिनी. आत्ता कळलं, तुमच्यासोबतच," मी मोठ्यानं म्हटलं.

"खोटारडा!" ती एकदम ओरडली. भिंतीवरच्या दिवाकरच्या फोटोकडे बघून ओरडली. "इतके वर्स मले फसवलं! मले वाटलं, मी चांगली झाली. जगाले सांगत फिरली ना मी, कान बरा झाला म्हणून. एक शब्द नाही बोलला हा माणूस..." मग तो राग मधेच कुठंतरी विरघळला आणि ती पदरात तोंड खुपसून हुंदके द्यायला लागली. टीव्हीवर कुणीतरी हसत होतं. मी उठून तो बंद केला. घर इतकं गप्प झालं की मलाच भीती वाटली. मी आपलं काहीतरी बोलायला लागलो. दिवाकर कसा होता, डॉक्टरांकडे परत जाऊ, आता यंत्रं बारीक निघाली आहेत, दिसतही नाहीत, मी सोबत येतो. बराच वेळ बोललो. तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडे बघत राहिली, नुसती बघत.

मग म्हणाली, "भाऊजी, तुमी काय बोलून राहिले, मले काहीच ऐकू नाही आलं." हे वाक्य त्या बाईच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. तिनं खुर्ची थोडी सरकवली आणि उजव्या बाजूची जागा हातानं झाडली. "इकडून बसा. अन् जोरात बोला, मी बहिरी आहो."