साडीवरचा शर्ट

माही धाकटी जाऊ दिसाले चांगली हाये, हे मी पहिलेच सांगून टाकते. नाही त लोक म्हणतीन का ही तिच्या वाइटावरच बसली हाये. दिसाले चांगली, बोलाले गोड, हाताले सफाई. अन् मी तिच्यावर जळते. साऱ्या गल्लीले हे माहीत हाये, तिलेबी माहीत असन. फक्त माह्या पोरीले माहीत नव्हतं, अन् माही सारी जळजळ त त्या पोरीपायीच होती.

ती लग्न होऊन घरात याच्या आधी आमच्या शिरपुरात, म्हणजे निदान आमच्या गल्लीत, कपड्यालत्त्याचं कोणाले काही विचाराचं राह्यलं त ती बाई माह्याकडे ये. उगाच नाही. आमचं घर स्टँडवरून जैनाच्या मंदिराकडे जायच्या रस्त्यावर. यात्रेकरू कुठून कुठून येतात, मुंबईचे, सुरतचे, इंदूरचे. गाडीतून उतरल्या का बाया पहिले पदर झटकतात, निऱ्या सरळ करतात. मी ओट्यावर तूर निवडता निवडता त्याईच्या पाठीकडे पाहात बसत होती. पाठीकडे म्हणजे ब्लाउजच्या गळ्याकडे. गोल गेला, पानाचा आला. पानाचा गेला, रुंद बोटनेक आला. बाह्या कोपरापर्यंत उतरल्या अन् पुन्हा वर चढल्या. वाशीमच्या दुकानात माल पोचाच्या आधी मले समजलेलं राहे. बाजूची भाभी फॉल-पिको करते, तिची मशीन दारातच असते. दसरा जवळ आला का ती तिथूनच ओरडे, "बाई, इस साल गला कौनसा चल रा?" अन् मी खडूनं ओट्यावर काढून दाखवत होती.

अन् नवरात्र म्हणजे त माहंच राज्य. आता रोजचा एक रंग असते हे साऱ्याईले माहीत हाये, पण नऊच्या नऊ रंगाच्या साड्या आमच्या गल्लीत एकीच्याही घरी नाहीत. म्हणून आमच्या इथं साड्या फिरतात. हिची हिरवी तिच्या घरी, तिची राखाडी माह्या घरी. कोणाची साडी कवा कोणाच्या अंगावर जाईन हे मी ठरवत होती. साडी साऱ्याईले होते, ब्लाउज होत नाही. म्हणून दरेकीनं एक काळं अन् एक सोनेरी ब्लाउज शिऊन ठेवाचं, हेबी माहंच डोकं. घट बसायच्या आधी बाया गठ्ठे घेऊन येत, अन् मी मधात बसून वाटप करत होती. तू ठेंगणी, रुंद काठ घेऊ नोको. तुह्या अंगावर मोठी बुट्टी नोको वं, पलंगपोस दिसशीन. कोणी राग मानत नव्हतं. मले तो दिवस दिवाळीपेक्षा आवडे.

मंग दिराचं लग्न झालं अन् अकोल्याची ही बाई घरात आली.

पहिल्याच नवरात्रात ती माह्या ओट्यावर येऊन बसली. मी वाटप करून राह्यली होती अन् ही हळूच म्हणे, "ताई, या मोसमात ना, रंग जरा उतरते घ्यायचे असतात. विटकरी, मोहरी, शेवाळी, वांगी. आणि सकाळी गारवा असतो, दुपारी ऊन तापतं, म्हणून आत सुती घालायचं अन् वरून एक पातळ श्रग, म्हणजे पुढून उघडं जॅकेट. उकडलं की काढून हातावर टाकायचा."

"मोहरी, वांगी," मी म्हणली, "रंग सांगून राह्यली का फोडणी देऊन राह्यली?"

कोणी हासलं नाही. साऱ्या बाया तिच्या मोबाइलात डोकं घालून बसल्या.

खोटं कायले बोलू, तिचं चुकत नव्हतं. तेच त दुखणं होतं. समोरच्या घरची बाई, जिले मी वरसानुवरसं गुलाबीच नेसवली, तिले हिनं विटकरी नेसवली अन् बाई पार नवी दिसाले लागली. कानातलं मोठं घातलं का गळ्यात काही नोको, हे तिनं सांगतलं, अन् गल्लीतल्या बायाईचे गळे रिकामे झाले. भाभीबी फिरली. आता मशीनवरून तिची हाक माह्या डोक्यावरून जाये अन् आतल्या खोलीत पोचे. "छोटी बाई, जरा देखो तो, ये लेस जमती क्या?" मी ओट्यावरच बसेल राहो, तूर निवडत. माह्याकडे फक्त तुरीतले खडे राह्यले.

एक दिवस जाऊ मले म्हणे, "ताई, राग नका मानू, पण पिवळा तुमच्यावर खुलत नाही. चेहरा उतरल्यासारखा दिसतो."

माह्या लग्नाचा शालू पिवळा हाये.

"म्हणजे लग्नापासूनच माहं थोबाड उतरेल हाये का वं?" मी म्हणली. ती बिचारी लाल झाली अन् माहा नवरा पेपराच्या मांगं खुदुखुदु हासला. त्या दिवशी दोघाईलेबी मी जेवताना दुसऱ्यांदा वरण वाढलं नाही.

पण हे सारं मी गिळलं असतं. गल्ली गेली त गेली. मले लागली ती पोरगी.

माही पोरगी तालुक्याले, मालेगावले कॉलेजात जाते. रोज सकाळी बसच्या टायमाले ती अलमारीपाशी उभी राहून ओरडे, "आई, काय घालू वं?" मी पोळ्या लाटता लाटता सांगे, ती नाक मुरडे, मी ओरडे, अन् शेवटी मी सांगतलं तेच घालून जाये. भांडणच राहे ते. पण ते भांडण माहं होतं. जाऊ आल्यावर महिन्याभरात ते बदललं. "काकू, काय घालू?" अन् आतून दोघींचं हासणं. मी तव्यापाशी बसूनबी माहं लक्ष नसे, पोळ्या जळत. एकदा मी मुद्दाम म्हणली, "तो निळा कुर्ता घाल." पोरगी म्हणे, "आई, तुले नाही समजत त्यातलं." साधंच म्हणली, रागानं नाही. रागानं म्हणली असती त बरं झालं असतं.

पुढच्या नवरात्रात मंडळानं अष्टमीले पारंपरिक वेशभूषेची स्पर्धा ठेवली. पोरीनं नाव दिलं. मी मनाशी ठरवलं का आता पाहू. पारंपरिक म्हणजे शालू, अन् शालू म्हणजे मी. तिथं श्रगचं काय काम! मी पेटीतला शालू काढला, उन्हात टाकला, इस्त्री केली. तिचा जुना कुर्ता मापाले घेऊन चुपचाप भाभीकडे गेली का माहं ब्लाउज त्या मापानं आवळून दे.

भाभी म्हणे, "बिटिया को पूछा क्या?"

"त्यात विचाराचं काय?" मी म्हणली. "ती विचारीनच ना मले."

आता फक्त तिनं विचाराचं होतं.

त्याच दिवसाईत सोयाबीन सोंगाले, कापाले आलं. मजूर भेटत नव्हते, म्हणून घरच्या बायाच शेतात. तवाचा माहा अवतार काय सांगू! जुनं सुती लुगडं वर खोचेल, त्याच्यावर नवऱ्याचा फुल बाह्यांचा चौकटीचा शर्ट, खिसा एकीकडून उसवेल, बाहीचं एक बटन भलत्याच रंगाचं. डोक्याले अन् तोंडाले ओढणी अशी गुंडाळेल का डोळेच दिसावे, कारण शेंगाची कूस, ते बारीक केस, नाकात गेली का दिवसभर शिंका. आश्विनात आमच्याकडे साऱ्या बाया अशाच दिसतात, पण स्टँडवर गळे पाहणारी बाई मी, मले त्या अवतारात कोणी पाह्यलेलं आवडत नाही. मी पायवाटेनं जाते, रस्त्यानं नाही.

दुपारी जेवण घेऊन पोरगी आली, अन् सोबत ही. जाऊनं डबा ठेवला अन् मोबाइल काढून माहा फोटो काढाले लागली. मांगून, बाजूनं, हाताचा, डोक्याच्या गाठीचा.

"काय काढून राह्यली वं? मी काय तमाशा हाये?"

"थांब ना आई," पोरगी म्हणे, "जराशी वळ."

दोघीबी हासल्या. मी विळा घेऊन धुऱ्याच्या बांधाच्या पार पल्याड जाऊन बसली, जेवलीबी नाही. मले वाटलं, आता हे फोटो गल्लीत फिरतीन, अन् खाली लिहिलं असन का अशी असते आमची फॅशनवाली.

अष्टमी आली. दिवसभर मी पोरीच्या मांगं मांगं. चहा देला, वेणी घालू का विचारलं, शालू पलंगावर असा ठेवला का नजरेतून सुटू नये. तिनं त्याच्यावरून दोनदा हात फिरवला अन् पुढं गेली. संध्याकाळी दोघी आतल्या खोलीत गेल्या अन् कडी लावली. मी दारापाशी उभी.

"पोरी, शालू काढून ठेवला हाये."

"नको आई, आमचं झालं."

आमचं. मी शालू मांडीवर घेऊन बसली. मले इतका राग आलता जावेचा का तिचं नाव काढलं असतं कोणी त मी तोंडातलं पान थुकलं असतं, अन् मी पान खात नाही.

दार उघडलं अन् पोरगी भाहेर आली. अंगावर खोचेल सुती लुगडं. त्याच्यावर माहा शर्ट. तोच, उसवेल खिशाचा. डोक्याले ओढणी, हातात विळा.

माह्या अंगाची आग आग झाली. थट्टा! माही थट्टा, अन् तेबी देवीच्या मांडवात! मी जावेकडे वळली. "हे ध्यान तू केलं का?"

जावेनं तोंड उघडलं, पण पोरगी म्हणे, "काकू, चाल लवकर, नंबर जाईन," अन् तिचा हात धरून निंगून गेली. मी कुलूप लावून मांगं मांगं. जायचं नव्हतं, पण घरी बसून काय भिंती पाहू?

मांडवात राण्या आल्या, देव्या आल्या, नऊवारीवाल्या नथीवाल्या आल्या. माह्या पोरीचा नंबर आला त पुढच्या बाया फिसफिस हासल्या. परीक्षक म्हणून आलेल्या बाईनं माइक तिच्यापुढं धरला अन् विचारलं, "हा कोणता पोशाख?"

"माही काकू सांगते," पोरगी बोलाले लागली, अन् तितकं आयकूनच मी उठली. चप्पल पायात घालून राह्यली होती मी. "काकू सांगते का या मोसमात आत सुती घालाचं अन् वरून एक श्रग. सकाळी गारवा, दुपारी ऊन. माही आई कवाचीच घालते. हा शर्ट तिचाच हाये. बाबाचा होता, पण आता तिचा. ओढणी अशी बांधते, शेंगाची कूस जात नाही. हे बटन लाल हाये, तिनं अंधारात लावलं असन. आश्विनात आमच्या गावात साऱ्या बाया हेच घालतात, पण असं घालून रस्त्यानं कोणी येत नाही. म्हणून मी आली."

माही एक चप्पल पायात अन् एक खालीच. मंग मांगून कोणीतरी टाळी वाजवली, अन् मंग साऱ्याईनंच. माह्याकडे लोक वळून वळून पाहून राह्यले, अन् मले समजेना का तोंड लपवू का वर करू. लाज वाटत होती, ते खोटं नाही. पहिला नंबर देवी बनलेल्या एकीले गेला, माह्या पोरीले दुसरा भेटला. मले काय त्याचं!

घरी येताना पोरगी मैत्रिणींसंगं पुढं गेली अन् आमी दोघी जावा मांगं राह्यलो. मंग ती म्हणे, "ताई, तुम्हाला वाटलं असेल मी केलं. तिनं मला फोटो काढायला सांगितलं आणि पिना लावायला बोलावलं, बस. मी तिच्यासाठी वांगी रंगाची साडी काढून ठेवली होती. मोत्यांची माळ होती. तिनं बघितलीसुद्धा नाही."

मी तिच्याकडे पाह्यलं. ओठ दाबेल, नजर रस्त्यावर, नाकपुड्या फुगेल. हे तोंड माह्या ओळखीचं होतं. वरसभर मी ते आरशात पाह्यलं होतं.

खरं त मले तिची कीव याले पाह्यजे होती. नाही आली. मले बरं वाटलं, लय बरं वाटलं. घरी गेल्यावर मी तिले आलं घालून चहा करून देला, अन् तो चहा मी इतक्या आनंदानं केला का साखर दुप्पट पडली.

दसऱ्याले सकाळी आमी दोघी चुलीपाशी. मी पुऱ्या तळत होती, ती लाटून देत होती. आतल्या खोलीत अलमारीचं दार वाजलं अन् पोरीचा आवाज आला.

"काय घालू वं मी?"

ना आई, ना काकू. नुसतं काय घालू.

जावेचं लाटणं थांबलं. तिनं माह्याकडे पाह्यलं, मी तिच्याकडे. तिनं एक हात जमिनीवर टेकवला उठाले. कढईत पुरी फुगून वर आलती, पलटायची राह्यलती. ती पुरी मांगं काळी झाली म्हणतात. मले काय मालूम, मी अलमारीपाशी पोचलती, झारा हातात घेऊनच.