दाऊदभाईंचा दाखला

दाऊदभाईंची माझी पहिली भेट झाली तेव्हा मी त्यांचा अपमान केला. तोही मराठीतून, त्यांना काही कळणार नाही या खात्रीनं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आम्ही शारजात अल नहदाला राहत होतो. मी एका भारतीय शाळेत इतिहास शिकवायचे. माझी मुलगी रेवा तिथेच दुसरीत होती, त्यामुळे आम्ही दोघी शाळेच्या बसनंच जायचो. त्या वर्षी ठेकेदारानं ड्रायव्हर बदलला. पहिल्या सकाळी दार उघडलं तर स्टिअरिंगवर एक धिप्पाड, काळाकभिन्न माणूस. दाट कुरळे केस, जाड ओठ. रेवा त्याच्या मागच्याच सीटवर बसायला निघाली, तशी मी तिचा दंड धरून म्हणाले, "त्या हबशाजवळ नको गं, मागे चल."

आरशातून दोन डोळे माझ्याकडे बघत होते.

"मागं टायरावर लई उसळतंय, बाई," ड्रायव्हर म्हणाला. "पोरीला फुडंच बसवा. तुमी बी बसा."

रेवा आनंदानं ओरडली, "आई, ड्रायव्हर अंकल स्पीक्स मराठी!" मी मात्र खाली मान घालून पुढेच बसले.

दाऊद याकूब सिद्दी मुरूडच्या पुढच्या एका खाडीकाठच्या गावचे. घरी बायको हमीदा आणि दोन लेकी. त्यांची मराठी त्या किनाऱ्यावरची. मुंबईत ट्रक चालवून मग इकडे आलेले. रोज सकाळी इंजिन सुरू करण्याआधी ते सगळ्या मुलांना मोजायचे, आणि मोजायचे मराठीत. केरळची, पंजाबची पोरंसुद्धा त्यांच्याबरोबर "एकोनीस, ईस, एकईस" म्हणायला शिकली होती.

मी इतिहास शिकवते हे कळल्यावर त्यांनी माझी जणू परीक्षाच घेतली. "तुमच्या पुस्तकात आमी हाव का?" मी म्हटलं, जंजिऱ्याचे सिद्दी आहेत ना. ते हसले. "ते नवाबाचं झालं. राजा झाला तो पुस्तकात गेला, बाकीचे गावात गेले. आमी गावातले."

परतीच्या वाटेवर मुलं एकेक करून उतरत, बस रिकामी होत जाई आणि दाऊदभाई बोलत. त्यांच्या आजोबांनी सांगितलेलं ते मला सांगत. हबशाणातून, म्हणजे इथिओपियाकडून, त्याच्याही खालच्या किनाऱ्यावरून माणसं गलबतांत बसून कोकणात आली. गोरा माणूस त्या समुद्रात यायच्या आधीपासून येत होती. वारा सहा महिने इकडे वाहतो, सहा महिने तिकडे. त्याच्याबरोबर खजूर, हस्तिदंत, घोडे आणि माणसं. कोणी खलाशी, कोणी शिपाई, कोणी साखळीत. मी साखळीचा विषय टाळायला बघत होते. त्यांनी टाळला नाही. "कोन इकला गेला, कोन तलवार घिऊन आला. पन जो र्‍हायला तो गावकरी झाला, बाई. मग त्याला कोनी ईचारलं नाय."

शुक्रवारी सुट्टी असली की ते शारजाच्या खाडीवर लाकडी गलबतं बघायला जायचे. तिथे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा एक म्हातारा खलाशी त्यांना भेटला. मोडक्यातोडक्या हिंदी-अरबीत दोघांचं बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी बसमध्ये दाऊदभाई जरा गोंधळलेले दिसले. "मी त्याला म्हनलं, माझं मूळ तुमच्याकडं हाय. तर तो म्हनतो, आमी बी तिथले नाय. त्याचे वाडवडील लई आतून आले. कोन नदीच्या काठानं, कोन ढोरं हाकत. जंगल तोडून शेती करीत करीत पिढ्यान्‌पिढ्या समुद्रापर्यंत पोचले. म्हंजे मूळचा कुटलाच कोन नाय!" गिअर टाकत ते म्हणाले, "बरं वाटलं ऐकून."

पुढे जे घडलं, ते एका मे महिन्यात, गुरुवारी दुपारी.

आमच्या घरचा फोन वाजला. रेवा आजारी असली तर कळवता यावं म्हणून आम्ही एकमेकांचे नंबर घेतले होते. पलीकडून दाऊदभाई हळू आवाजात म्हणाले, "बाई, मला पोलिसांनी बसवून ठेवलंय. मी इंडियाचा हाय हे कोनी मानत नाय."

रिकामी बस घेऊन परतताना रस्त्यावर कागदपत्रांची तपासणी लागली होती. दाऊदभाईंचा पासपोर्ट ठेकेदाराकडे होता. फोन केल्यावर ठेकेदार म्हणाला, नूतनीकरणासाठी एका माणसाकडे दिला होता, आता सापडत नाही, इन्शाल्ला मिळेल. दाऊदभाईंच्या खिशात होती फक्त पासपोर्टची झेरॉक्स, आणि तिच्यात त्यांच्या चेहऱ्याच्या जागी नुसता काळा चौकोन उमटला होता.

माझा नवरा सुहास दाराशीच उभा होता. "हे बघ, आपण इथे व्हिसावर आहोत," तो म्हणाला. "उद्या आपल्यालाच विचारलं, तुमचा संबंध काय, तर काय सांगणार?"

"तो आपल्याकडचा माणूस आहे, असं सांगेन."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि गाडीची किल्ली उचलली.

ठाण्यातला अधिकारी तरुण होता, बोलायला सभ्य. शेजारी एक भारतीय दुभाषा बसला होता, दिल्लीकडचा. मी काही बोलायच्या आतच तो म्हणाला, "मैडम, आप भोली हैं। ये लोग हिंदी सीख लेते हैं। मैं शकल देखकर बता सकता हूँ, ये इंडियन नहीं है।"

मी म्हटलं, हे मराठी बोलतात. तो म्हणाला, मला मराठी येत नाही, मग मला काय कळणार? मग त्यानंच दाऊदभाईंना राष्ट्रगीत म्हणून दाखवायला सांगितलं. दाऊदभाई ताठ बसले होते. "नाय म्हननार," ते मला म्हणाले. "सांगा त्याला. झेंड्याफुडं म्हनतो मी. इथं परीक्षा द्यायला नाय म्हननार."

हे आडमुठेपण त्यांना कुठे नेईल? अधिकाऱ्यानं वहीत काहीतरी लिहिलं आणि सावकाश इंग्रजीत सांगितलं, शनिवारी सकाळी दहापर्यंत भारतातून काही कागद आणा. नाहीतर याचं नाव दुसऱ्या यादीत जाईल, आफ्रिकेकडे परत पाठवायच्या माणसांच्या.

मी ते दाऊदभाईंना मराठीत सांगितलं.

"परत?" ते म्हणाले. "चारशे वर्सांनी? तिकडं उतरून मी कुनाला ईचारू, बाई, माझं घर कुटं हाय म्हनून?"

निघताना मी दारात थांबले. "दाऊदभाई, पहिल्या दिवशी मी जे बोलले..."

"ते कवाच खलास," ते मध्येच म्हणाले. "गावच्या बूथचा नंबर देतो, हमीदाला फोन करा. शाळेत माझं नाव असंल."

शुक्रवारी इथे सगळं बंद, भारतात मात्र चालू. आमच्या हातात तेवढा एकच दिवस होता. सकाळी सहाला मी गावच्या एसटीडी-फॅक्स बूथवर फोन लावला. बूथवाल्यानं हमीदाभाभींना बोलावून आणलं. काय घडलं ते सांगून मी म्हटलं, शाळेचा दाखला हवा. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "शाळेला सुट्टी लागलीय. गुरुजी रोह्याला त्यांच्या घरी. चावी त्यांच्याकडं. मी जाते." एवढं बोलून फोन ठेवला.

त्यानंतर कितीतरी तास आम्हाला काहीच कळेना. सुहासनं आपल्या ऑफिसची चावी आणली होती. सुट्टीच्या दिवशी परवानगीशिवाय ऑफिस उघडणं नोकरीवर बेतण्यासारखं होतं, पण फॅक्स तिथेच होता. रेवाला शेजाऱ्यांकडे ठेवून आम्ही दोघं त्या यंत्रासमोर बसलो. बारा वाजले. दोन वाजले. मी बूथवर फोन लावायचे, बूथवाला म्हणायचा, "अजून नाय आल्या." साडेतीनला गुरुजी स्वतः बोलले. रिटायरमेंटला आलेला, खोकणारा आवाज. ते हमीदाभाभींबरोबर गावी येऊन शाळा उघडून बसले होते. जुन्या रजिस्टरांना वाळवी लागली होती. "सत्तावन सालचं सापडलं, अठ्ठावनचं अर्धं खाल्लंय," ते म्हणाले. "दाऊद कोणत्या साली दाखल झाला, आठवतं का त्याला?" मला ते कुठून ठाऊक असणार! ठाण्यात विचारायची सोय नव्हती. "बरं," गुरुजी म्हणाले, "पानं उलटतो."

संध्याकाळी सहाला फॅक्स खरखरला. कागद सरकत सरकत बाहेर आला. पूर्ण कोरा. गुरुजींनी दाखला उलटा घातला होता. मी बूथवर फोन केला तर लाइन लागेना. लागली तेव्हा बूथवाला म्हणाला, वीज गेली. सुहास येरझाऱ्या घालत होता, मी नुसती बसले होते. वीज यायला पाऊण तास लागला. पुन्हा खरखर झाली आणि या वेळी कागदावर अक्षरं उमटली. वळणदार, शाईच्या पेनानं लिहिलेली, खाली शाळेचा गोल शिक्का.

शनिवारी दहाला दहा मिनिटं कमी असताना मी तो कागद अधिकाऱ्यापुढे ठेवला. त्यानं उलटसुलट करून पाहिला. "ही कोणती भाषा?" मी दुभाष्याकडे बोट दाखवलं. "यांना वाचता येईल. लिपी तीच आहे."

दुभाष्यानं चष्मा लावला. प्रत्येक शब्दावर अडखळत तो वाचू लागला. विद्यार्थ्याचे नाव, दाऊद याकूब सिद्दी. जन्मस्थळ. वडिलांचा धंदा, मासेमारी. इयत्ता सातवी उत्तीर्ण. तो थांबला.

"पुढे?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"वर्तणूक," दुभाषा म्हणाला, "चांगली." मग स्वतःच अर्थ लावून हळूच, "चाल-चलन अच्छा।"

समोर बसलेल्या दाऊदभाईंनी चेहरा दोन्ही हातांनी झाकून घेतला.

दुभाष्यानं कागद टेबलावर ठेवला. "मुझसे ग़लती हुई," तो त्यांना म्हणाला. अधिकाऱ्यानं शाळेचा नंबर विचारला. मी बूथचा दिला. दुभाष्यानं गुरुजींशी हिंदीतून बोलून खात्री केली. गुरुजी बूथवर सकाळपासून बसूनच होते. मग अधिकाऱ्यानं दाऊदभाईंना विचारलं, तुमची माणसं इंडियात कधी गेली? "चार सौ साल. पाँच सौ भी होगा." तो तरुण पहिल्यांदाच हसला. "माझ्या आजीची आजी," तो म्हणाला, "आफ्रिकेच्या त्याच किनाऱ्यावरची. तुम्ही जरा पुढे गेलात, एवढंच."

कागदोपत्री सुटका व्हायला रविवारची दुपार झाली. सोमवारी दाऊदभाई बसवर हजर. पण बातमी सगळीकडे पसरली होती. आमच्या पुढच्या थांब्यावर एक आई मुलाला पायरीवरून मागे ओढत होती. "नो, नो, पुलिस ले गयी थी इसको." दाऊदभाईंची बस कधी एक मिनिट जास्त थांबत नसे. त्या दिवशी त्यांनी इंजिन बंद केलं. ते खाली उतरले नाहीत, काही समजावून सांगितलं नाही. "बहनजी, आप सोच लो," एवढंच म्हणाले. "मैं खड़ा हूँ।"

मी उठून त्या बाईला काहीतरी सांगणार, तेवढ्यात आरशातून त्यांनी मला बसायची खूण केली. उन्हात मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. किती वेळ गेला, सांगता येणार नाही. शेवटी त्या बाईंनी मुलाचा हात सोडला. तो चढला. दाऊदभाईंनी त्याला मोजलं, "अठ्ठाईस," आणि बस निघाली.

त्यांचा नवा पासपोर्ट आला, त्यानंतर ते आणखी पाच वर्षं तिथे होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तसं स्वतः होऊन काम सोडलं. "लांबचं धूसर दिसाया लागलं की पोरांच्या गाडीवर बसू नये," म्हणाले. निरोप घ्यायला घरी आले तेव्हा रेवा बारा वर्षांची होती. तिनं त्यांना विचारलं, "अंकल, वेअर आर यू ऍक्च्युअली फ्रॉम?" मी तिला गप्प करणार होते. दाऊदभाई मात्र मनापासून विचार करून म्हणाले, "जिथं माझं नाव घिऊन कोन हाक मारंल ना, तिथला."

तेव्हापासून आफ्रिका आणि समुद्रमार्गांचा धडा मी पुस्तकाप्रमाणे शिकवला नाही. आधी फळ्यावर वारे काढायचे, मग नद्या, ढोरांचे कळप, मग गलबतं. युरोपची जहाजं अगदी शेवटी.

दोन हजार चार साली पावसाळ्यात हमीदाभाभींचा फोन आला. बूथ बंद झाला होता, त्यांच्या लेकीनं मोबाइल घेतला होता. आवाज त्या दिवशीसारखाच कोरडा. दाऊदभाई गेले होते. पहाटे नमाज झाला, चहा घेतला, ओटीवर बसले आणि कलंडले.

मी विचारलं, "त्रास झाला का हो फार?"

"नाय, बाई," त्या म्हणाल्या. "घरीच गेले."