माझ्या नावानं फोन उचलणारा माणूस

अकोल्यात जठारपेठेत माझं फुलांचं दुकान आहे. नवरा गेल्यावर मी ते एकटीनं चालवायला घेतलं. हार, वेण्या, लग्नाचे मंडप आणि तिरडीवरची फुलंसुद्धा. या धंद्यात अनोळखी नंबर उचलावाच लागतो. ज्याच्या घरी आज माणूस गेला, त्याचा नंबर माझ्याकडे आधीपासून कसा असणार?

त्यामुळे येईल तो फोन मी घ्यायची. कर्ज पाहिजे का, विमा काढा, तुमचं दुकान इंटरनेटवर सगळ्यांत वर दाखवतो. मांडीवर शेवंती, हातात सुई आणि कान-खांद्यात दाबलेला फोन. आधी मी ‘नको दादा’ म्हणायची, मग न बोलताच कापायला लागले. एकदा एका पोरीला इतकं टाकून बोलले, की पलीकडे तिचा आवाज रडवेला झाला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

लग्नसराई होती. सजावटीच्या जाळीचं पार्सल यायचं होतं आणि मी त्याची वाट पाहत होते. दुपारी एकाचा फोन आला. बोलणं अगदी अदबीचं.

“ताई, तुमचं पार्सल आलंय, पण आमच्या माणसाला पत्ता सापडत नाही. मी सांगतो तो नंबर लावा, त्याच्याशी थेट बोला.”

आधी स्टार, मग तीन आकडे, मग एक मोबाइल नंबर. समोर गिऱ्हाईक ताटकळत होतं. मी घाईघाईनं लावला. कुणीच बोललं नाही, म्हणून फोन ठेवून पुन्हा हार ओवायला बसले.

त्यानंतर संध्याकाळपर्यंत एकही फोन आला नाही. खरं सांगते, मला बरं वाटलं.

दिवेलागणीला शेजारची ब्युटी पार्लरवाली धापा टाकत आली. “ताई, तुमी तर चांगल्या हाये! मले तुमचा मेसेज आला, दवाखान्यात हाये, पैसे पाठवा म्हून. फोन लावला तर एका मानसानं उचलला!”

“माझा फोन तर हा इथं आहे,” मी म्हणाले.

तिनं माझ्यासमोरच पुन्हा लावला. माझा फोन गल्ल्यावर गप्प पडून होता. आणि तिच्या फोनमधून एक पुरुषी आवाज आला, “हॅलो, फुलांचं दुकान.”

मी तिचा फोन ओढून ओरडले, “कोन हायेस रे तू?” त्यानं फोन कापला.

कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्यानं समजावून सांगितलं. त्या नंबरानं माझे सगळे फोन त्या माणसाकडे वळले होते. मेसेजचं खातं दुसऱ्या फोनवर उघडताना खात्रीचे आकडे सांगणारा जो फोन येतो, तोही त्यालाच गेला, आणि तो माझ्या मेसेजमध्ये घुसला. मोबाइलवाल्यानं ते बंद केलं. आम्ही चौकीत जाऊन तक्रार दिली. घरी येऊन मी एकेकाला फोन करत बसले. बहुतेकांनी काही पाठवलं नव्हतं. एकाचा फोन मात्र लागला नाही.

तो अमरावतीकडच्या काकांचा. त्यांचा झेंडू रोज सकाळच्या एसटीनं यायचा. कंडक्टर टोपली उतरवून द्यायचा. स्वतः काका कित्येक वर्षांत अकोल्याला आले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपली डोक्यावर घेऊन तेच दुकानासमोर उभे राहिले. धुतलेलं धोतर, हातात संत्र्यांची पिशवी.

“तुमी इथं कशा?” ते म्हणाले. “मी तर तुमाले पाहाले आलो. कोनत्या दवाखान्यात हाये, थे इचारासाठी इथं आलो.”

मी सगळं सांगितलं. ते पायरीवर बसले.

“मंग मी पैसे कोनाले देल्ले?”

“काका, पाठवायच्या आधी फोन काहून नाही केला?”

“केला ना! तुमच्या दुकानातल्या मानसानं उचलला. ताईले बोलता येत नाही म्हने. तवाच पाठवले.”

“माह्या दुकानात मानूसच नाही, काका.”

ते पैसे त्यांनी ठिबकच्या नळ्यांसाठी बाजूला ठेवले होते. मी भरून देते म्हणाले, तर त्यांनी हात झटकला. “पैसे तुमाले भेटलेच नाही, तर वापस काय देता?” संत्री ठेवून ते पुढच्या गाडीनं परत गेले. चहाही घेतला नाही.

पोलिसांकडून काही कळलं नाही. ऊन वाढत चाललं होतं, झेंडूला पाणी लागणार होतं, म्हणून पुढच्या रविवारी मी त्यांच्या गावी गेले आणि पैसे त्यांच्या सुनेच्या हातात दिले. तिनं घेतले. काका वावरातून आले, सुनेच्या हाताकडे पाहिलं आणि खाली मान घालून हातपाय धुवायला गेले. मला वाटलं होतं, हलकं वाटेल. परतीच्या गाडीत उलट जास्तच जड वाटत होतं. माझ्या नावावर त्यांचा इतका भरवसा होता, हे मला त्या चोरामुळं कळलं होतं.

नळ्या बसल्या, झेंडू येतो आहे. तो मेसेज गेलेली माझी दोन जुनी गिऱ्हाइकं मात्र दुसरीकडे गेली. अनोळखी नंबर मी अजूनही उचलते, उचलावेच लागतात. पण आधी हातातली सुई खाली ठेवते.

काकांना फोन केला की पूर्वी ते लगेच “बोला ताई” म्हणायचे. आता विचारतात, “कोन बोलून राह्यलं?” मी सांगते. मग ते पुन्हा एकदा नाव विचारतात, माझा आवाज पारखत असावेत. मीही पुन्हा सांगते.