जमिनीपासून चार फूट

पेटी उघडण्याआधी दादा श्वास रोखून धरायचा. वेधशाळेमागच्या हिरवळीवर, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, झडपांची एक पांढरी लाकडी पेटी होती, तिच्यात तापमापक. आपल्या श्वासानं पारा हलू नये म्हणून तो तोंड मिटायचा, दार उघडायचा, आकडा डोळ्यांत साठवायचा, दार लावायचा आणि मगच हुश्श करायचा. एकतीस वर्षं, रोज पहाटे. सवय अंगात इतकी मुरलेली की घरी फ्रिज उघडतानाही त्याचे गाल फुगायचे.

"अरे, आत दूध आहे, पारा नाही," धाकटी म्हणायची.

धाकटी म्हणजे त्याची बहीण. आईवडील गेले तेव्हा ती सहावीत होती आणि दादा नुकताच नोकरीला चिकटलेला. त्यानं लग्न केलं नाही. तिचं झालं, मोडलं, ती परत आली. टेकडीवरच्या वेधशाळेच्या पायथ्याशी, ओढ्याकाठच्या खोलगट तुकड्यात तिनं रोपवाटिका उभी केली. टोमॅटो, मिरची, वांगी. चौदा वर्षं तिचं पोट आणि तिचा ताठा दोन्ही त्या चाळीस वाफ्यांवर उभी होती. पाणी कधी द्यायचं, झाकायचं कधी, हे दादा सांगेल तसं. आभाळाकडे बघायची तिला कधी गरजच वाटली नाही.

त्या वर्षी पाऊस लवकर आटोपला. लोकांचे स्वेटर अजून ट्रंकेच्या तळाशी होते आणि एका दुपारी अचानक हवेला धार आली. तिनं फोन केला.

"दादा, अंगावर काटा येतोय. गोणपाटं काढू का?"

"एकटी किती झाकशील? आज पारा पाचाच्या खाली जात नाही. पाचाला रोपं मरत नाहीत."

"नक्की?"

"आजवर कधी चुकीचं सांगितलंय?"

नव्हतं सांगितलं. गोणपाटं माळ्यावरच राहिली.

सकाळी ती वाफ्यांवर आली तेव्हा सगळं पांढरं होतं. पानापानाच्या कडेला बारीक साखर सांडल्यासारखी. क्षणभर तिला ते सुंदर वाटलं, आणि त्या क्षणाबद्दल तिनं पुढे स्वतःला कधीच माफ केलं नाही. ऊन चढलं, पांढरं विरलं, आणि पानं उकडल्यासारखी लोंबू लागली. दहा वाजेपर्यंत चाळीसच्या चाळीस वाफे काळे पडले होते.

दादा ड्युटी संपवून आला. एक पान बोटांत धरलं. ते बोटांना चिकटलं.

"इतक्या लवकर कुठून आली रे ही थंडी?" तिनं विचारलं.

तो बांधावर बसला. विचारलं की सांगायचं, हा त्याचा स्वभावच.

"ढगांच्याही वर वाऱ्याचा एक पट्टा वाहतो. तिकडची गार हवा तो अडवून धरतो. यंदा त्याला मोठा झोल पडला आणि ती हवा आपल्यावर उतरली. पण ती एकटी एवढं करत नाही. पाऊस लवकर गेला, माती कोरडी. कोरड्या मातीत ऊब टिकत नाही. वर ढग नाहीत, म्हणजे पांघरूण नाही. जमिनीनं होती नव्हती ती ऊब आभाळाला देऊन टाकली. वारा पडलेला, त्यामुळे वरची हवा खाली मिसळली नाही. आणि गार हवा जड असते. पाण्यासारखी उतारानं येते, खोलगट जागी साचते."

"म्हणजे इथे."

"इथेच."

"तुला हे सगळं ठाऊक होतं."

"हो."

"कालही?"

त्यानं मान खाली घातली. "आकडा बरोबर पाचच आला, धाकटे. पण तो टेकडीवरचा. जमिनीपासून चार फुटांवरचा. अशा रात्री जमिनीलगत पाच-सहा अंश कमी असतं. त्यासाठी वेगळा तापमापक असतो, गवतावर आडवा ठेवायचा."

"मग? कुठेय तो?"

"कपाटात. कापसात गुंडाळलेला. तो पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून बाहेर काढतात. अकरा दिवस राहिले होते."

"आणि थंडीला तुमची तारीख कुणी कळवली होती?"

तो बोटांना चिकटलेलं पान खरवडत राहिला. भांडला असता तर बरं झालं असतं. तिला निदान ओरडता आलं असतं. कचेरीत साहेबांनी त्याची पाठ थोपटली, कारण अंदाज अंशाचाही चुकला नव्हता. ते त्यानं घरी सांगितलं नाही. शिपायाकडून तिला कळलं.

पुन्हा पेरून रोपं तयार होईपर्यंत लावणीचा हंगाम सरणार होता. नेहमीची गिऱ्हाइकं हळहळली आणि दुसरीकडे गेली. ती फळं भरण्याच्या एका शेडमध्ये कामाला लागली. निळा एप्रन, उभ्यानं आठ तास. दादा मात्र रोज ड्युटीला जाण्याआधी तिच्या मेलेल्या वाफ्यांत उकिडवा बसायचा. स्वतःच्या पैशानं आणलेला तापमापक दोन काटक्यांवर आडवा ठेवलेला. उणे एक. शून्य. उणे दोन. येणारेजाणारे हसायचे.

"आता कुणासाठी मोजतोस?" एकदा तिनं विचारलं.

"कळायला हवं," तो म्हणाला. काय कळायला हवं, ते त्यालाही सांगता आलं नाही. अंगातली कणकण तो लपवत राहिला आणि ती विचारत नव्हती. दोघांत एक अबोला बसला होता. तो मोडायचं दोघांच्याही मनात होतं, आणि पुढे कुणी होत नव्हतं.

महिन्याभरानं भाड्याची ती जागा सोडायची वेळ आली. सुट्टीच्या दिवशी दोघं सावलीची जाळी उतरवायला गेली. त्या दुपारी घरी येऊन दादा जरा पडतो म्हणून आडवा झाला, तो उठलाच नाही. छातीत कफ साठला होता, डॉक्टर म्हणाले. पण जे शेवटचं नीट बोलणं झालं, ते तिथे, जाळीखाली. तो स्टुलावर उभा होता. ती विळ्यानं दोऱ्या सपासप कापत सुटली होती. एकदाचं संपावं म्हणून. त्यानं वरूनच हात आडवा केला.

"कापू नकोस गं, गाठ सोडव. दोरी चांगली आहे."