मावशी पडद्यावर

आमच्या मावशीचं गाव धरणात गेलं, आणि बऱ्याच वर्षांनी त्यावर माहितीपट निघाला. नव्या गावच्या शाळेत तो दाखवणार होते. मी मावशीशेजारची खुर्ची पटकावली. "मला बिचारी दाखवली असंल, तर मी उठून घरी जाणार," असं तिने आधीच बजावलं होतं.

पडद्यावर मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून नव्या घराच्या ओट्यावर बसलेली. दिग्दर्शकाचा आवाज आला, "आजी, जरा धरणाकडे बघा. उदास."

"उदास कशापायी? रडायचं तवा रडून झालं, बाबा. तू उशिरा आलास. ह्या भिंती बघ. चिखल मी तुडवलाय, ह्या पायांनी."

त्याने हे कापलं नव्हतं. शहाणा माणूस! नाहीतर घरावरचे सिनेमे गेलेल्या उंबऱ्यापाशीच घुटमळतात. वाडवडिलांचं घर आपल्याला आयतं मिळतं. दुसऱ्यांदा उभारलेल्या घराचा मात्र कोपरा न् कोपरा आपल्याला ओळखतो.

सगळ्या गावाने टाळ्यांचा कडकडाट केला. माझी तर छाती फुगली. मावशी मागे वळून कडाडली, "टाळ्या थांबवा की मुडद्यांनो! आता माझं सैपाकघर यायचंय, ते नीट बघा!"