साडभाऊंचा वाऱ्याचा रस्ता

वर्धा जिल्ह्यात वारा कुठून येतो आणि कुठे जातो याची माझ्या साडभाऊंना, म्हणजे बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याला, जितकी काळजी आहे, तितकी खुद्द वाऱ्यालाही नसेल. सिंदी रेल्वे या गावातल्या एका जिनिंग कारखान्यात त्यांनी उभी हयात फिटर म्हणून काढली. तिथे कापूस पत्र्याच्या नळ्यांमधून हवेच्या जोरावर इकडून तिकडे ओढला जातो, आणि नळी तुंबली की साडभाऊंच्या नावानं हाक पडायची. निवृत्त होऊन ते नालवाडीला राहायला आले, पण कोंडलेली हवा शोधायची सवय काही सुटली नाही. आमच्याकडे आले की चहाआधी खिडक्यांची पाहणी होते. एका लग्नात तर पंगत बसलेली असताना त्यांनी कुणालाही न विचारता मांडवाची एक कनात सोडून दिली. वरणात धूळ पडली ती गोष्ट वेगळी, पण उकाडा कमी झाला हे नवरीच्या मामालाही कबूल करावं लागलं.

त्यांची एकुलती एक मुलगी प्राची पुण्याच्या एका कंपनीसाठी घरी बसूनच इमारतींची चित्रं कॉम्प्युटरवर तयार करते. एकेका चित्रासाठी कॉम्प्युटर तासन् तास राबतो. मे महिना लागला आणि रोज दुपारी दोनच्या सुमारास तो तापून आपोआप बंद पडू लागला. कंपनीनं एकदा समजून घेतलं, दोनदा घेतलं, मग कळवलं की पुढच्या मोठ्या कामात असं झालं तर पुण्याला येऊन ऑफिसात बसावं लागेल. हे ऐकून मेहुणीनं डोळ्याला पदर लावला आणि साडभाऊंनी स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. मला फोन करून म्हणाले, "मास्तर, पोरगी कुठं जात नाई. या डब्यात हवा कोंडून राह्यली, तेवढंच हाय."

मी गेलो तेव्हा कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं झाकण उघडं होतं, समोर अगरबत्ती पेटलेली होती आणि साडभाऊ जमिनीवर पालथे पडून धूर कुठे जातो ते पाहत होते. शेजारच्या काकू वाटी मागायला आल्या होत्या, त्या दारातूनच हात जोडून परत गेल्या. तासाभरानं निदान झालं. मागच्या पंख्यानं बाहेर टाकलेली गरम हवा टेबलाखालून फिरून पुढून पुन्हा आत शिरत होती. कॉम्प्युटर आपलाच सोडलेला श्वास परत घेत होता, आणि हे समजल्यावर साडभाऊंना त्याची फार दया आली.

पण पहिला उपाय मात्र चुकला. आमच्या भागात उन्हाळ्यात थंडावा म्हटलं की कूलरच डोळ्यांपुढे येतो. साडभाऊंनी कूलरच्या तोंडापासून कॅबिनेटपर्यंत पुठ्ठ्याची झकास नळी बसवली. एक दिवस कॉम्प्युटर असा गार चालला की त्यांनी मला मुद्दाम बोलावून कॅबिनेटला हात लावायला लावला. दुसऱ्या दिवशी तो सुरूच झाला नाही. कूलरच्या दमट हवेनं आतले भाग ओलसर झाले होते. प्राचीनं सगळं सुटं केलं, पुसलं, दिवसभर वाळवलं आणि पुन्हा जोडलं. नशिबानं तो सुरू झाला, पण साडभाऊ जेवले नाहीत. ओल्या कापसानं नळी तुंबते हे ज्यानं अख्ख्या जिनिंगला शिकवलं, त्यानं घरच्या नळीत ओली हवा सोडावी, हे त्यांच्या जिवाला लागलं होतं.

मग मात्र ते इरेला पेटले. शेजारच्या कोठीच्या खोलीत ऊन येत नाही, तिथली हवा कोरडी आणि त्यातल्या त्यात गार. मधल्या भिंतीला त्यांनी भोक पाडलं. मेहुणीला हे कळलं तेव्हा विटेचे तुकडे तिच्या डाळीच्या डब्यांवर पडले होते. मिठाईच्या खोक्यांचा पुठ्ठा, तेलाच्या पिप्याचा पत्रा आणि भंगारातल्या कॉम्प्युटरांचे पंखे एवढ्यावर नळ्या उभ्या राहिल्या. एक कोठीतली हवा आत आणायची, दुसरी गरम हवा थेट खिडकीबाहेर टाकायची. धुळीसाठी आतल्या नळीच्या तोंडाला जुन्या सुती लुगड्याचा तुकडा बांधला होता. सगळं सुरू झालं की खोलीत जिनिंगसारखा घरघराट व्हायचा, आणि साडभाऊंना तो फार आवडायचा.

मोठं काम आलं. तीन दिवस साडभाऊ स्टूल टाकून खिडकीपाशी बसले, बाहेर पडणाऱ्या हवेपुढे तळहात धरून. लू चालली होती, रस्त्यावर माणूस नव्हतं, पण कॉम्प्युटर बंद पडला नाही. काम वेळेत गेलं.

कंपनीला ते इतकं आवडलं, की तिनं प्राचीला वरच्या जागेसाठी पुण्याला बोलावलं. यायचंच असं नव्हतं, निर्णय तिच्यावर सोडला होता. त्या रविवारी मी तिथेच होतो. प्राची म्हणाली, "बाबा, मले जायचं हाय."

साडभाऊंचा हात हवेपुढेच होता. खिडकीकडे पाहतच त्यांनी विचारलं, "मशीन बंद पडते म्हणून तं नाई ना जाऊन राह्यली?"

"नाई बाबा. नळ्या लावल्यापासून एकदाबी बंद नाई पडली."

"मंग जा," ते म्हणाले. त्यांनीच तिला कॉम्प्युटर बंद करायला सांगितलं. एकेक करत पंखे थांबले आणि स्वयंपाकघरात मेहुणी पोळ्या लाटत होती तो आवाज ऐकू येऊ लागला. साडभाऊंचा हात अजून तसाच धरलेला होता.

"मास्तर, घर लय शांत झालं," ते मला म्हणाले, आणि मला त्यांच्याकडे पाहवेना.