मजेत हाय म्हनती

"खाली हो. आधी पायरीच्या खाली हो."

तात्या माझ्या आईला म्हणाला. दळण घेऊन आलेल्या धा-बारा बायांच्या देखत, माझ्या देखत. आई खाली उतरली. पदर सावरत, हसत. ती हसली कशाला, ह्याचा मला आजबी राग येतो.

तात्या म्हणाला. व्हय, म्हणालाच. लहानपणी मी 'तात्या म्हणाले' म्हणायचे. आता न्हाय म्हणत.

कळंब तालुक्यातलं आमचं गाव. तात्याचं किराणा दुकान, दुकानाला लागून त्याचीच पिठाची गिरणी. गावात फोन एकच, तो त्याच्या दुकानाच्या आतल्या खोलीत. माझी थोरली बहीण, आमची आक्का, पिंपरीकडं दिलेली. तिच्या सासरी आम्ही तात्याचाच नंबर दिला होता आणि नंबरापुढं लिहिलं होतं पीपी. शेजाऱ्याचा नंबर दिला की पुढं पीपी लिहायचं, अशी तेव्हा पद्धत होती. त्याचा अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता. मला लवकर कळला.

आक्का पिंपरीहून फोन करायची. तात्या वस्तीवर निरोप धाडायचा, अर्ध्या तासानं पुन्हा फोन येनार हाय. आई हातातलं काम टाकून पळायची, मी तिच्या मागं. गावातल्या बाकीच्या बाया आत जाऊन फोन कानाला लावायच्या. रडायच्या, हसायच्या, नवऱ्याला शिव्या घालायच्या. आम्ही पायरीच्या खाली. फोन तात्याच घ्यायचा. आत तो आक्काशी काय बोलतोय ते गिरणीच्या पट्ट्याच्या खडखडाटात ऐकू यायचं न्हाय. मग दारात येऊन सांगायचा.

"मजेत हाय म्हनती."

झालं. एवढंच. धापा टाकत पळत आल्याचं एवढंच.

एकदा आई म्हणाली, "तात्या, म्या जरा तिचा आवाज आयकू का?" तेव्हाचं ते 'खाली हो'. वर तात्यानं कारणबी सांगितलं. "तोंड लागतं गं त्याला. भांड्यावानीच हाय ते. उद्या गावानं कसा वापरायचा?"

आम्ही मातंग. आई केरसुण्या बांधायची. तात्याच्या घरातली केरसुणी माझ्या आईच्या हातची. दिवाळीत लक्ष्मी म्हणून तिला हळदकुंकू वाहायचे, तिच्या पाया पडायचे. ती देवघरात चालायची. बांधणारीचा श्वास फोनला चालायचा न्हाय.

त्या दिवाळीआधी आक्काचे चार फोन आले. चारी वेळा तात्या दारात आला. मजेत हाय म्हनती. एकदा म्हणाला, सणाला यायचं जमंल असं वाटत न्हाय म्हनती. आई घरी येऊन शेजारणींना सांगायची, माझी लेक सुखात हाय. कुणी विचारलं न्हाय तरी सांगायची.

दिवाळी झाली आणि आक्का आली. एकटी, एसटीनं, अंगावरच्या लुगड्यानिशी. मी तिला डावीकडून हाक मारली, तिनं बघितलंच न्हाय. डावा कान गेला होता तिचा. नवऱ्यानं मारून मारून घालवला होता.

आई तिला मिठी मारायला गेली. आक्का मागं सरली.

"चारदा सांगितलं न्यायला या म्हनून. तूच म्हनलीस न्हवं का, तितंच नांद? मार खाऊन नांद, माघारी येऊ नको?"

"म्या?" आई म्हणाली. "म्या कवा म्हनले गं?"

मी अकरा वर्षांची, पण माझ्या डोक्यात तेव्हाच लख्ख उजेड पडला. त्या मेल्यानं दोन्ही बाजूनं बनवलं होतं. इकडं आक्काच्या तोंडचं, तिकडं आईच्या तोंडचं.

आई विचारायला गेली. पायरीच्या खालीच उभी राहिली बिचारी. तात्या तराजू सोडून उठलाबी न्हाय. म्हणाला, "बाईमानसाचं रडगानं ते. घडोघडी काय सांगायचं? तुमच्या भल्याचंच बोललो मी." वर म्हणाला, "पोरीचा संसार टिकावा म्हनून."

माझं टाळकं सरकलं. मी पायऱ्या चढले, गिऱ्हाइकांच्या मधनं आत घुसले आणि फोन उचलून तोंडाला लावला. अगदी ओठ टेकवून. "हॅलो," म्हणाले. पलीकडं कुणीच नव्हतं. नुसता ट्रूंऽऽ आवाज. आयुष्यात पहिल्यांदा ऐकला मी तो.

तात्यानं दारापर्यंत ओढत आणून मुस्काटात दिली. मी पायरीवरनं खाली पडले. मग त्यानं काय करावं? फोनवर गोमूत्र शिंपडलं. तेवढ्यानं समाधान होईना, म्हणून तांब्याभर पाणी घेऊन बोलायच्या भोकांत ओतलं आणि पंच्यानं पुसून काढलं. भांडंच ना ते. घासलं, विसळलं.

फोन मेला. आठ दिवस गावात कुणाला बोलता येईना. आठव्या दिवशी कळंबहून लाइनमन आला. त्यानं फोन उजेडाला दारात आणून तोंडाकडची झाकणी फिरवून काढली तर आतनं पाणी टपकलं.

"कुणी वतलं ह्यात पानी?"

तात्या आभाळाकडं बघायला लागला. मी पायरीखालून ओरडले, "तात्यांनी! मी तोंड लावलं म्हनून धुतलाय त्यांनी फोन!"

लाइनमन आधी हसला, मग हसायचा थांबला. मला म्हणाला, "हिकडं ये, बघ." मी वर गेले. त्याच्यासमोर तात्याला बोलायची सोय नव्हती. झाकणीच्या आत एवढीशी चकती होती, मागं दोन तारा. "झालं, एवढंच असतंय," तो म्हणाला. ह्या दोन तारांसाठी माझ्या बहिणीचा कान गेला होता. त्या दिवशी मला कळलं, मला काय शिकायचंय.

शिकले. धाराशिवला आयटीआय केलं, वर्गात मी एकटीच पोरगी. खांबावर चढायला लागले तर खालनं टवाळकी करायचे. करू दे. तुळजापुरात एका लॉजवाल्याला इंटरनेट जोडून दिलं, सगळं चालू झाल्यावर त्यानं विचारलं, "आडनाव काय म्हणालात तुमचं?" आडनाव ऐकून दुसऱ्या दिवशी जोडणी काढायला सांगितली. मी काढली आणि समोरच्या तीन लॉजना दिली. आता कळंबपासून उमरग्यापर्यंत माझ्या कंपनीची केबल गेलीय. गावकुसाबाहेरच्या वस्तीला आधी जोडणी, मग पाटलाच्या माडीला, हा माझा नियम. लोक म्हणतात, बाई खडूस हाय. हाय.

आक्का माझ्या ऑफिसात तक्रारीच्या फोनवर बसते, उजव्या कानाला फोन लावून. गिऱ्हाईक जे बोलंल ते जसंच्या तसं लिहायचं, हा तिचा नियम. शिव्यासुद्धा. नवीन पोरींनी एखादा शब्द गाळला तर आक्का वही फेकून देते.

आई गेली. शेवटपर्यंत ती आक्काला सांगत राहिली, म्या तसं म्हनले न्हवते गं. आक्का म्हणायची, ठावं हाय आई. पण अजून कधीतरी जेवता जेवता मला विचारते, "आई खरंच तसं म्हनली नसंल ना?" तात्याला मी माफ केलेलं न्हाय. करणारबी न्हाय.

दोन वर्षांमागं सरकारच्या एका सल्लागार समितीवर मला घेतलं. खेड्यापाड्यातल्या फोन-इंटरनेटचं धोरण ठरवायचं. मोठा हॉल, थंडगार हवा, प्रत्येकाच्या पुढं माइक. अध्यक्षसाहेब लई गोड बोलणारे. प्रस्ताव असा होता की ज्यांच्याकडं स्वतःचा फोन न्हाय, अशा घरांना सरकारी कामासाठी गावातल्या एका प्रतिष्ठित कुटुंबाचा नंबर जोडून द्यायचा. योजनेचा निरोप त्या कुटुंबाकडं येणार, ह्यांची तक्रारबी तेच कळवणार.

मी माइक तोंडाशी ओढला. म्हटलं, "साहेब, ह्याला आमच्याकडं पीपी म्हणायचे." आणि सगळं सांगितलं. पायरी, गोमूत्र, आक्काचा कान. शेवटी म्हटलं, "माझा ह्याला विरोध आहे. फोन द्यायचा तर ज्याचं तोंड त्याच्या हातात द्या." साहेब म्हणाले, "फारच हृदयस्पर्शी." मग चहा आला.

पंधरा दिवसांनी बैठकीचं इतिवृत्त आलं. त्यात माझ्याबद्दल एक ओळ. 'सन्माननीय सदस्यांनी आपले ग्रामीण अनुभव कथन केले व प्रस्तावाबाबत समाधान व्यक्त केले.'

मी कागद आक्काच्या पुढं टाकला. तिनं वाचला.

"हे तू म्हनलीस?"

"न्हाय."

"मग हितंबी तात्या हाय म्हन की."

एवढं शिकून, एवढे खांब चढून, मी अजून पायरीखालीच! आत कोणतरी माझ्या वतीनं बोलतंय आणि दारात येऊन सांगतंय, मजेत हाय म्हनती.

समितीच्या कार्यालयात फोन लावला. तिथले अधिकारी समजुतीनं म्हणाले, "मॅडम, भावना तुमचीच आहे. भाषा फक्त आम्ही घालतो." मग हळूच म्हणाले, "पुढच्या कामांत तुमच्या कंपनीचाही विचार चाललाय. आत्ता कशाला कटुता?" एका हितचिंतकानं सल्ला दिला, राजीनामा द्या, मान राहील. राजीनामा? तो तर त्यांना हवाच आहे. मी खुर्ची सोडणार न्हाय.

माझा विरोध मी माझ्या हातानं लिहून काढला, माझ्या बोलीत, चार पानं. आक्कानं तपासला, एक शब्द गाळलेला न्हाय ना ते बघायला. ती ओळ खोडून ही चार पानं जशीच्या तशी जोडल्याशिवाय अंतिम अहवालावर माझी सही नाही, असं वर लिहून पाठवलं. कंपनीचं काम जायचं असंल तर जाऊ दे. खांबावर चढायला मी अजून विसरले न्हाय.

आत्ताच त्या अधिकाऱ्यांचा फोन आला. "मॅडम, साहेब आतच बसलेत. तुमची अडचण मी त्यांच्या कानावर घालतो. काय सांगू तुमच्या वतीनं?"

"काहीच सांगू नका," मी म्हटलं. "फोन त्यांच्या हातात द्या."

"ते जरा कामात आहेत. मी सांगतो ना..."

"फोन द्या. मी बोलते."

"थांबावं लागेल."

"थांबते की."

शेजारी आक्का वही उघडून बसलीय, उजवा कान माझ्याकडं करून. पलीकडं कुणीतरी कुजबुजतंय, खुर्ची सरकल्याचा आवाज येतोय. मी फोन ठेवणार न्हाय.